इसमाचे हाल

तुर्की भाषेबद्दल थोडंफार ऐकलेला माणूस भेटला की तो हटकून तो एक लांबलचक शब्द काढतो. 'ज्यांना आम्ही युरोपीय करू शकलो नाही त्यांच्यापैकी तुम्ही आहात का' असा काहीसा अर्थ, सगळा एका दमात कोंबलेला. खुद्द तुर्की माणसं तो शब्द पाहुण्यांना थक्क करण्यापलीकडे कशालाही वापरत नाहीत, तेव्हा तो इथेच सोडून देऊ. तुर्कीची खरी मजा चिमुकल्या शब्दांत आहे. 'एव' म्हणजे घर. 'एविम' माझं घर, 'एविन' तुझं, 'एवि' त्याचं किंवा तिचं. 'एविनिझ' तुमचं, 'एविमिझ' आमचं. (की आपलं? तुर्कीत तो भेदच नाही. शेजारीण कौतुकाने 'एविमिझ' म्हणते तेव्हा त्या घरात आपल्याला धरलंय की नाही, हे मराठी माणसाला शेवटपर्यंत कळत नाही.) मालक असा शब्दाच्या पोटात शिरला की त्याच्यामागे विभक्ती लागते. एविमदे, माझ्या घरात. एविमदेन, माझ्या घरातून. अनेकवचन हवं असेल तर ते मालकाच्याही आधी: एव-लेर-इमिझ-देन, आमच्या घरांमधून. आधी किती, मग कोणाचं, मग कुठे. हा क्रम सहसा बदलत नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं आम्ही इस्तंबुलच्या आशियाई बाजूला, कादक्योयमध्ये राहत होतो. माझं काम मुद्रितशोधनाचं, ते तिथूनही चालू होतं. सकाळी मराठी पुस्तकांची प्रुफं आणि संध्याकाळी तुर्कीचा वर्ग, म्हणजे दिवसभर डोळ्यांपुढे प्रत्ययच प्रत्यय. आपण शाळेत 'स, ला, ते, स, ला, ना, ते' घोकलं, तशी तिकडची मुलं 'इ, ए, दे, देन' घोकतात. त्या धड्याचं नाव 'इस्मिन हाल्लेरि'. 'इसिम' म्हणजे नाम आणि 'हाल' म्हणजे अवस्था. दोन्ही शब्द मूळ अरबी. तेच दोन्ही फारसीच्या वाटेने मराठीतही येऊन पोचले आणि आपल्याकडे इसमाचा झाला हाडामांसाचा माणूस, आणि हाल झाले कुत्रा न खाणारे. त्यामुळे फळ्यावर धड्याचं नाव लिहिलेलं पाहिलं तेव्हा मला ते 'इसमाचे हाल' असंच वाचता आलं. पुढे बरेच दिवस त्याचा प्रत्ययही येत राहिला.

पण नीट पाहिलं तर तुर्कीत हाल नामाचे होत नाहीत, प्रत्ययाचे होतात. नाम आपलं ढिम्म बसून असतं. त्याच्यातला शेवटचा स्वर कोणता हे पाहून प्रत्ययाने आपलं रूप जुळवून घ्यायचं. तुर्कीत आठ स्वर आहेत. चार जिभेच्या पुढच्या बाजूचे: ए, इ आणि त्याच दोघांची ओठांचा चंबू करून म्हटलेली रूपं. चार मागचे: आ, ओ, उ आणि एक टिंब नसलेला 'आय', जो आपल्या 'अ'च्या अगदी जवळ जातो. पुढच्या स्वरामागे पुढचाच स्वर, मागच्यामागे मागचा. म्हणून एवदे, पण ओकुलदा, म्हणजे शाळेत. शब्द क, त, प अशा कठोर व्यंजनाने संपला तर द चा त होतो.

आमच्या वर्गात प्रत्येकाने आपापल्या देशातली गावं सांगायची आणि बाकीच्यांनी त्यांना 'मध्ये' लावायचं, असा एक खेळ चालायचा. माझी पाळी आली की महाराष्ट्राचा नकाशा फळ्यावर यायचा. पुणेदे. सांगलीदे. सातारादा. कोल्हापूरदा. नाशिकते. कर्जतता. वर्गातल्या ज्या मुलीने महाराष्ट्र जन्मात ऐकलेला नव्हता ती हे न अडखळता सांगत होती, कारण तिला गावाची काहीच माहिती लागत नव्हती. शेवटचा स्वर कानावर पडला की पुरे. मी मात्र बाकावर बसून मनातल्या मनात तीच यादी मराठीत म्हणत होते. पुण्यात. साताऱ्यात. कोल्हापुरात. नाशकात. 'त' बघा, जसाच्या तसा. आणि गावांची काय अवस्था झाली? पुण्याचा 'णे' गेला, साताऱ्याला 'ऱ्या' फुटला, कोल्हापूरचा दीर्घ ऊ ऱ्हस्व झाला, नाशिकातली वेलांटी तर नाहीशीच झाली. एका अक्षराचा प्रत्यय येतो आणि अख्खं गाव त्याच्यासाठी सरकून बसतं. आपण ह्याला सामान्यरूप म्हणतो. त्यात सामान्य काय आहे, ते मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला विचारावं.

मुद्रितशोधकाच्या दृष्टीने तुर्की लेखनातली सगळ्यात हेवा वाटण्याजोगी गोष्ट म्हणजे विशेषनामानंतर वर काढलेला स्वल्पविराम. व्यक्तीचं किंवा गावाचं नाव असेल तर नाव आधी पूर्ण लिहायचं, मग ती खूण, मग प्रत्यय. अंकारा, खूण, दा. अली, खूण, निन. नाव कुठे संपलं आणि व्याकरण कुठे सुरू झालं हे डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे 'कर्व्यांचा' की 'कर्वेंचा' ह्यावर मी लेखकांशी किती वेळा वाद घातला असेल. जुन्या वळणाचे लोक कर्व्यांचा, फडक्यांचा, गोडबोल्यांचा लिहितात आणि ते कानाला गोड लागतं. पण नव्या वाचकाला 'फडक्यांचा' वाचून माणूस आठवायचा की धुणंभांडी, हा प्रश्न पडतो. म्हणून हल्ली सर्रास फडकेंचा. मला ते रूप आवडत नाही, तरीही अलीकडे मी ते कापत नाही. आडनाव असलेल्या माणसाला आपलं नाव न मोडता छापून यावंसं वाटत असेल तर त्यात चूक काय?

तुर्कीतही शब्द अगदीच वाकत नाहीत असं नाही. 'किताप' म्हणजे पुस्तक, पण माझं पुस्तक म्हणताना 'किताबम', आपल्या किताबातला ब परत येतो. 'इसिम' ला प्रत्यय लागला की मधला इ गळून 'इस्मिन', अगदी नाशिकचं नाशकात होतं त्या चालीवर. आणि 'हाल' मध्ये आ असूनही त्याला 'लार' न लागता 'लेर' लागतो, कारण अरबीतून आलेल्या त्या ल चा उच्चार पातळ, जिभेच्या पुढच्या अंगाने होतो. म्हणजे ज्या धड्यात नियम शिकवायचा त्या धड्याच्या नावातच नियमाला अपवाद. व्याकरणं लिहिणाऱ्यांना विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं? एवढे अपवाद सोडले तर मात्र प्रत्ययच नमतं घेतो. गंमत म्हणजे तुर्की अरबी लिपीत लिहिली जायची तोवर हे नमणं कागदावर दिसतही नव्हतं. 'दा' आणि 'दे' दोन्ही एकाच अक्षरजोडीने लिहीत आणि वाचणारा आपापल्या कानाने ठरवी. १९२८च्या नोव्हेंबरात लॅटिन लिपीचा कायदा झाला आणि प्रत्ययांच्या ह्या कसरती पहिल्यांदा सर्वांसमक्ष आल्या.

आता कर्म. 'मुलगी बघायला गेले' आणि 'मुलीला बघायला गेले' ह्यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात कांदेपोहे आहेत, दुसऱ्यात बहुधा दवाखाना. 'ला' लागला की ती कोणीतरी ठरावीक मुलगी झाली. तुर्कीतला 'इ' हा प्रत्यय नेमकं हेच काम करतो, आणि तो आपल्या 'ला'पेक्षा काटेकोर आहे. माणूस असो, पुस्तक असो की भाकरी, बोलणाऱ्याच्या मनात ती वस्तू ठरलेली असेल तर प्रत्यय लावल्यावाचून सुटका नाही. 'किताप ओकुदुम', मी पुस्तक वाचलं, म्हणजे वाचत बसले होते. 'किताबअ ओकुदुम', ते पुस्तक वाचलं. आणि योगायोग असा की तुर्कीतलंही नेहमीचं उदाहरण मुलीचंच. 'कझ इस्तेमेक', मुलगी मागणं. मुलाकडची मंडळी मिठाईचा डबा आणि फुलं घेऊन मुलीच्या घरी जातात. ह्या 'कझ'ला प्रत्यय नाही, कारण तो रिवाज झाला.

आमच्या वरच्या मजल्यावर असा कार्यक्रम झाला तेव्हा शेजारधर्म म्हणून मीही सोफ्याच्या कडेला बसले होते. मुलगी कॉफीचे छोटे पेले घेऊन आली. नवऱ्या मुलाच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ घालायचं आणि त्याने तोंड वाकडं न करता ती प्यायची, ही तिथली जुनी चेष्टा. तो बिचारा प्यायला. मग मुलाकडच्या सगळ्यात वयस्क गृहस्थांनी घसा खाकरून ठरलेलं वाक्य म्हटलं. अल्लाच्या आज्ञेने आणि पैगंबरांच्या वचनाने, इथपर्यंत सगळ्यांचे चेहरे गंभीर. पुढचे दोन शब्द मी कान टवकारून ऐकले: 'कझनझअ ओलुमुझा'. कझ, मुलगी. नझ, तुमची. अ, तीच ती ठरलेली, जिच्यासाठी आलो. मग ओल, मुलगा, उमुझ, आमचा, आ, त्याला. तुमच्या मुलीला आमच्या मुलासाठी. रिवाजातली बिनप्रत्ययाची मुलगी ह्या वाक्यात येईपर्यंत दोन प्रत्यय लेवून बसली होती, एक बापाच्या मालकीचा आणि एक मागणीचा. तिच्या स्वतःच्या मर्जीचा प्रत्यय ह्या वाक्यात नाही. अर्थात कार्यक्रमाआधी दोन वर्षं ती दोघं एकत्र फिरत होती, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

मालकीचं हे असं आहे की तुर्की माणूस वस्तूला सहसा बेवारस सोडत नाही. 'माझ्याकडे पैसे आहेत', 'मला एक भाऊ आहे', 'माझं पुण्यात घर आहे' ही आपली तीन वेगळी वाक्यं. पैसे जवळ असतात, भाऊ मला असतो, घर माझं असतं. तुर्कीत तिन्हींना एकच साचा. पारा-म वार. कार्देश-इम वार. एव-इम वार. पैसे-माझे आहेत, भावंड-माझं आहे, घर-माझं आहे. 'वार'च्या जागी 'योक' घातलं की तिन्ही नाहीत. 'माझा, माझी, माझं' ह्यांतून वस्तूचं लिंग सतत दाखवत राहण्याची आपली सवयही तिथे कामाची नाही, कारण तुर्कीत लिंगच नाही. आपला 'चा' मालकाला चिकटलेला असतो खरा, पण त्याचं सगळं लक्ष वस्तूकडे: ती बाई आहे की पुरुष, एक आहे की अनेक, पुढे विभक्ती येणार असेल तर लगेच 'च्या'. तुर्की प्रत्यय वस्तूला चिकटतो आणि मालकाकडे बघतो.

आणि मालकाचं नाव स्पष्ट घ्यायचं झालं तर दोन्हीकडे खूण लागते. अलीनिन एवि: अलीचं, त्याचं घर. कझन बाबास: मुलीचा, तिचा बाप. ब्लाऊजला एका बाजूला हूक आणि दुसऱ्या बाजूला आकडा असतो, तसं: मालकाला हूक, वस्तूला आकडा. नुसता एक असून चालत नाही. 'बाबांच्या मित्राच्या घरात' हे 'बाबा-म-न आर्कादाश-अ-नन एव-इ-न्दे' असं होतं, आणि मधल्या मित्राला हूकही लागतो आणि आकडाही, कारण तो बाबांचा आहे आणि घर त्याचं आहे. ऐकायला जड वाटतं, पण लांब वाक्यात कोण कोणाचं हे हरवत नाही. मराठीत 'च्या'ची माळ लागली की मी प्रुफात लाल पेन उचलते. तुर्कीत तशी वेळ क्वचित येते.

ह्यातला नुसता आकडा, हुकाशिवाय, शहरभर पाट्यांवर दिसतो. गालाता कुलेसि: गालाता, त्याचा मनोरा. इस्तंबुल उनिवेर्सितेसि. आमच्या धक्क्यावरची पाटी, कादक्योय इस्केलेसि. जुन्या मशिदींवर मात्र 'जामिइ', म्हणजे जामि अधिक इ, कारण अरबी मूळ शब्दाच्या शेवटी एक व्यंजन होतं. आज ते कोणी उच्चारत नाही, म्हणून स्वरानंतर 'सि' ह्या नेहमीच्या नियमाने 'जामिसि' म्हणणारेही पुष्कळ. आणि खुद्द कादक्योय? काझीचं गाव. पूर्वी त्यालाही शेवटी आकडा होता. वापरून वापरून झिजला.

हे सगळं व्याकरण रस्त्यावर आलं की मायेचं होतं. फोन उचलला की 'एफेन्दिम', माझे मालक. विद्यापीठात, बसमध्ये, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कोणीही कोणालाही 'होजाम', माझे गुरुजी. खालच्या मजल्यावरच्या आजी मला 'कझम' म्हणायच्या, माझी मुलगी. जवळच्या माणसाला 'जानम'. हिंदी गाण्यांतला जानम फारसीतला, तिथला 'अम'ही 'माझा'च. पण सगळ्यात लाघवी प्रकार उलटा: आई आपल्या लेकराला 'आन्नेम' म्हणते, म्हणजे माझी आई! बाप मुलाला 'बाबाम'. पहिल्यांदा ऐकताना कोण कोणाची आई हे कळेनासं होतं. मग 'ये गं माझी बाय' आठवतं आणि कळतं.

तुर्कीत सगळं इतकं आरशासारखं स्वच्छ आहे असं वाटू लागतं तेवढ्यात 'एविन्दे' समोर येतो. 'एविन' तुझं घर, अधिक 'दे', तुझ्या घरात. 'एवि' त्याचं घर. ह्या तिसऱ्या पुरुषाच्या प्रत्ययामागे विभक्ती आली की मध्ये एक न घुसतो, म्हणून एवि-न-दे, त्याच्या घरात. दोन्ही रूपं तंतोतंत सारखी. किल्ली एविन्दे असा निरोप आला तर किल्ली कोणाच्या घरी? संदर्भाने कळतं, नाहीच कळलं तर 'सेनिन' किंवा 'ओनुन', तुझ्या किंवा त्याच्या, असं आधी म्हणतात. 'एव्लेरि' तर त्याहून पोचलेला: त्याची घरं, त्यांचं घर, त्यांची घरं, आणि शिवाय ती ठरावीक घरं, कर्म म्हणून. एवढ्या शिस्तीच्या भाषेने ही गफलत शतकानुशतकं चालवून घेतली आहे आणि कोणाचं काही अडलेलं नाही.

मराठीशी सगळ्यात जवळचं नातं मला सापडलं ते 'कि' ह्या प्रत्ययात. एवदे, घरात. एवदेकि, घरातला. एवदेकिलेर, घरातले. एवदेकिलेरिन, घरातल्यांचं. इथे दोन्ही भाषा एकाच पद्धतीने प्रत्ययावर प्रत्यय रचतात, विभक्ती लागून गेलेल्या शब्दाला पुन्हा नाम करतात आणि त्याला पुन्हा विभक्ती लावतात. संस्कृताच्या चष्म्यातून लिहिलेल्या आपल्या व्याकरणांत ह्या 'ल्या'ला त्याच्या कर्तबगारीइतकी जागा मिळालेली नाही, असं माझं मत.

आणि खरं सांगायचं तर ह्या प्रत्ययांना भेटायला इस्तंबुलला जायची गरजही नव्हती. दख्खनच्या इतिहासात ते कधीचे येऊन राहिलेत. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, १६५०च्या दशकात, इथल्या जमीनमहसुलाची घडी बसवणारा दिवाण मुर्शिदकुली खान. १५९१मध्ये हैदराबाद वसवणारा महंमद कुली कुतुबशहा. ह्यातला 'कुल' म्हणजे तुर्कीत दास, आणि शेवटची वेलांटी म्हणजे तोच आकडा, 'त्याचा'. अलीकुली, अलीचा दास. इमामकुली, इमामाचा दास. आपण ते नाव शाळेपासून वाचतो आणि वेलांटीकडे बघतही नाही.

'बेगम' त्याहून ओळखीची. बेग म्हणजे सरदार, धनी. 'इम' म्हणजे माझा. बाबराने आपल्या आठवणी चगताई तुर्कीत लिहिल्या, त्यात त्याच्या घरातल्या स्त्रियांच्या नावांपुढे हे 'बेगिम' आणि 'खानिम' येतात. फारसीतून दख्खनमध्ये उतरताना त्या 'माझ्या'तला माझेपणा पुसला गेला आणि ती नुसती पदवी उरली. मग ती मराठीच्या तावडीत सापडली. अफझलखानाच्या गोष्टीतली विजापूरची बडी बेगम आपण 'बडी बेगमेने', 'बडी बेगमेचा' अशी चालवतो. बेग, मग तुर्कीतला 'माझा' सांगणारा म, मग मराठी सामान्यरूपाचा ए, मग 'चा'. तुर्की क्रमाने पाहिलं तर सगळं जागच्या जागी आहे: आधी नाम, मग मालक, मग विभक्ती. फक्त मधला तो ए आपला. तिथेही शब्दालाच वाकवल्याशिवाय मराठीला राहवलं नाही.